गणकयंत्राच्या पोटातला पाटकरी



गेल्या वर्षीच्या दिवाळीत माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी भेटावयास आली. दिंडोरी तालुक्यातल्या एका खेड्यातली ही मुलगी. सातवीपर्यंत आमच्या शाळेत होती, पुढे नाशकास शिकली आणि आता सातपूरच्या एका कारखान्यात हिशेबखात्याच्या गणकयंत्रावर काम करते. फराळाचे ताट समोर ठेवले तरी तिचे लक्ष भलतीकडेच. विचारले तेव्हा म्हणाली, "गुरुजी, आमच्याकडचं जुनं यंत्र काढून नवं आणायचं ठरलंय. सगळे प्रोग्रॅम आपोआप नव्यावर जातात, पण एक जात नाही. आणि नेमका तोच जादा कामाच्या पगाराचा. साहेब म्हणतात, जरा आत उतरून बघ. आता आत म्हणजे कुठं उतरू?"

मी गणिताचा मास्तर. गणकयंत्राशी माझा संबंध शाळेची माहिती भरून पाठविण्यापुरता. पण प्रश्न चांगला होता, म्हणून मीही वाचू लागलो, आणि पुढचे काही महिने ती दर रविवारी जे शिकून येई ते तिच्याकडून समजावून घेऊ लागलो. गुरूने शिष्याकडून शिकण्यात कमीपणा नाही. त्या रविवारांतून मला जे उमगले ते आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम हे यंत्र कोणते ते सांगितले पाहिजे. गणकयंत्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर टेबलावरचा पडदा येतो. दुसऱ्या टोकाला मोठ्या बँकांची, सरकारी खात्यांची अवाढव्य यंत्रे असतात. या दोहोंच्या मधले एक घराणे आहे. कपाटाएवढे एकच यंत्र, त्याला तारांनी जोडलेले पन्नास, शंभर किंवा दोनशे पडदे, आणि त्या सर्वांवर एकाच वेळी पावत्या, हजेरी, माल, पगार यांच्या नोंदी चाललेल्या. याला मिडरेंज, म्हणजे मध्यम पल्ल्याचे यंत्र म्हणतात. दिल्लीस १९८५ साली रेल्वेचे आरक्षण गणकयंत्रावर सुरू झाले ते व्हॅक्स नावाच्या अशाच मधल्या यंत्रावर. माझ्या विद्यार्थिनीच्या कारखान्यातले यंत्र आयबीएम कंपनीच्या एएस/४०० या घराण्यातले. आज त्याच घराण्याला 'आयबीएम आय' हे नाव आहे.

आता 'आत उतरणे' म्हणजे काय? शिक्षकबंधूंना हे वर्गात करून दाखविता येईल, आणि मी ते करून पाहिलेले आहे. काड्यापेटीच्या वीस रिकाम्या पेट्या घ्या. त्यांवर एक ते वीस आकडे लिहा. काही पेट्यांत संख्येच्या चिठ्ठ्या टाका, काहींत आज्ञांच्या. आज्ञा चारच: अमक्या पेटीतली संख्या आण, अमक्या पेटीतली संख्या तिच्यात मिळव, बेरीज अमक्या पेटीत ठेव, आणि हाती शून्य असेल तर अमक्या पेटीतल्या आज्ञेकडे जा. एका मुलाला उभे करा. त्याने पहिल्या पेटीपासून एकेक चिठ्ठी वाचावी आणि सांगितले तेवढेच करावे. डोके चालवावयाचे नाही! मुलांना हाच भाग सर्वांत अवघड जातो. ती मधेच म्हणतात, "गुरुजी, हे तर चुकीचं सांगितलंय." तर सांगावे, चुकीचे असले तरी कर, यंत्र असेच करते.

थोड्या वेळाने मुद्दाम एका आज्ञेत पेटीचा आकडा चुकवून द्या. मुलगा बेरजेची चिठ्ठी अशा पेटीत टाकील की जिच्यात पुढची आज्ञा होती. आज्ञा गेली, तिच्या जागी संख्या आली. पुढच्या फेरीत तो तेथे पोहोचला की गोंधळून उभा राहतो, आणि वर्ग हसतो. पण यातच सारे मर्म आहे. पेटीला तिच्यात काय आहे हे कळत नाही. आज्ञा आणि संख्या या दोन्ही तिच्या लेखी कागदाचे तुकडे. यंत्राच्या तळाशी काम करणाऱ्याच्या अनेक चुका या जातीच्या असतात.

आपल्या महाराष्ट्रात या तळाशी उतरणारी पहिली मंडळी मुंबईस होती. डॉ. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५४-५५ च्या सुमारास काही तरुणांनी स्वतःचे गणकयंत्र बांधावयास घेतले. त्यांत रंगस्वामी नरसिंहन हे प्रमुख होते. यंत्र १९६० साली पूर्णपणे चालू झाले आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. आपल्या जुन्या रेडिओत चार-पाच असत तशाच. पेट्या म्हणाल तर २,०४८, आणि प्रत्येकीत एक किंवा शून्य अशा चाळीस खुणा. सर्व मिळून ८१,९२० खुणा. आज आपल्या मोबाईलवर येणारे लग्नाचे एक छायाचित्रही एवढ्या जागेत मावत नाही. पण त्या जागेत शास्त्रज्ञांनी आपली गणिते बसवली, आज्ञा कागदी फितीवर भोके पाडून दिल्या. यंत्र बांधणारे आणि आज्ञा लिहिणारे शेजारीशेजारी बसत. नळी जळाली की कोणती जळाली हे गणित कोठे चुकले त्यावरून ओळखावयाचे. यंत्राच्या आतला एकही कोपरा त्यांना परका नव्हता.

पुढे विकत आणलेली यंत्रे आली आणि आतला कोपरा परका झाला. याची किंमत १९७८ साली कळली. त्याआधी भारतात आयबीएमची अनेक यंत्रे भाड्याने चालत होती. त्यांपैकी १४०१ या जातीची यंत्रे तर परदेशात जुनी होऊन बाजूला पडलेली होती. १९७३ च्या परकीय चलनाच्या कायद्याने परदेशी कंपनीने आपला हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणावा असा आग्रह धरला गेला, कंपनीला ते मान्य झाले नाही, आणि १९७८ साली ती देश सोडून गेली. यंत्रे येथेच राहिली. ती बंद पडली तर रेल्वेचे, कारखान्यांचे, सरकारी कचेऱ्यांचे हिशेब अडणार! त्यांची देखभाल सरकारी कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनने, म्हणजे सीएमसीने, अंगावर घेतली, आणि आपल्याच अभियंत्यांनी ती चालती ठेवली. यंत्राच्या आत काय चालते हे ज्यांना ठाऊक होते ती माणसे होती म्हणून हे जमले. आयबीएम परत आली ती १९९२ साली, टाटांशी भागीदारी करून.

मधल्या काळात, म्हणजे १९८८ च्या जून महिन्यात, अमेरिकेत एएस/४०० हे यंत्र बाहेर पडले होते. ते घडले मिनेसोटा राज्यातल्या रोचेस्टर या गावी. भोवताली मक्याची शेते, मधे एक मोठे इस्पितळ आणि एक कारखाना, असे ते गाव. यंत्र गुप्तपणे तयार होत असताना त्याला गावातल्या तळ्यावरून 'सिल्व्हरलेक' हे नाव ठेवले होते. आपल्याकडे कोणी बांधले असते तर 'गंगापूर' ठेवले असते! त्याची मुळे १९७८ सालच्या सिस्टिम/३८ या यंत्रात आहेत, आणि या साऱ्या रचनेमागे फ्रँक सॉल्टिस या अभियंत्याचे नाव घेतले जाते.

माझी विद्यार्थिनी या यंत्रात उतरावयास लागली तेव्हा तिला पहिलाच धक्का बसला. काड्यापेट्यांपर्यंत पोहोचताच येईना. ती म्हणाली, "गुरुजी, खाली गेले की मधेच एक फरशी लागते. तिच्याखाली जाऊ देत नाहीत." ही फरशी म्हणजे त्या यंत्राची आज्ञांची एक ठरलेली भाषा. कंपनी तिला मशीन इंटरफेस म्हणते. आपण लिहिलेला प्रोग्रॅम आधी या भाषेत येतो. तेथून खाली, खऱ्या लोखंडी यंत्राच्या भाषेत, त्याचे भाषांतर यंत्र स्वतः करते, आणि ते खालचे दालन बनविणाऱ्याच्याच ताब्यात असते. बाहेरच्या माणसाला तळ म्हणून मिळतो तो ही फरशी.

मग फरशीवर काय शिकावयाचे? हे समजण्यास आपल्याला बागलाणात जावे लागेल. मोसम आणि आरम या नद्यांवर जुने बंधारे आहेत, आणि त्यांवर फडपद्धत शतकानुशतके चालत आलेली आहे. फडातल्या शेतकऱ्याचे शेत पाटाला लागून असले तरी तो स्वतः कुदळ घेऊन पाट फोडीत नाही. पाणी देणारा पाटकरी असतो. कोणाची पाळी, कोणते पीक, किती वेळ, हे पाहून तोच बारे धरतो. शेतकऱ्याला पाण्याचा हक्क आहे, पण पाटाला हात लावण्याचा नाही. ज्या दिवशी प्रत्येकजण आपापली कुदळ चालवील त्या दिवशी खालच्या टोकाचे शेत कोरडे पडेल.

एएस/४०० मध्ये असाच एक पाटकरी बसविलेला आहे. काड्यापेटीच्या खेळात मुलगा आकडा सांगून कोणत्याही पेटीत हात घालू शकत होता. येथे तसे नाही. प्रोग्रॅमला पगाराची वही हवी असेल तर त्याने तिचा आकडा गणिताने काढून चालत नाही. त्याने नाव सांगावयाचे. 'रिझॉल्व्ह सिस्टिम पॉइंटर' नावाची एक आज्ञा आहे, तिच्याद्वारे यंत्राकडे मागणी करावयाची. यंत्र वही शोधून सोळा अक्षरांच्या लांबीचा एक पॉइंटर, म्हणजे पत्त्याची चिठ्ठी, हाती देते. आणि मागणाऱ्याला त्या वहीत काय काय करण्याचा अधिकार आहे याची तपासणीही यंत्रच करते. या चिठ्ठीबरोबर एक गुप्त खूण असते, आणि ती साध्या आज्ञांच्या आवाक्याबाहेर ठेवलेली असते. कोणी चलाखी करून चिठ्ठीतले एखादे अक्षर जरी बदलले, तरी ती खूण तत्क्षणी उतरते आणि चिठ्ठी रद्दी होते.

हे तिने नुसते वाचले नाही, करून पाहिले. या भाषेत लिहिण्याचे साधन यंत्राबरोबर तयार मिळत नाही. पण आज्ञांचा मजकूर घेऊन त्याचा प्रोग्रॅम करून देणारी एक सोय यंत्रात आहे. शिकणाऱ्याने आपल्या ओळखीच्या भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहून त्या सोयीच्या हाती मजकूर सोपवावयाचा. म्हणजे पहिला धडा म्हणजे स्वतःचे हत्यार स्वतः घडविणे. सुताराचा मुलगा आधी रंध्याचा दांडा करावयास शिकतो तसे. तिने दोन संख्यांची बेरीज केली, मग नावावरून वही मागितली, आणि तिसऱ्या रविवारी मुद्दाम पॉइंटरच्या अंगावर एक संख्या लिहिली. प्रोग्रॅम जागीच थांबला आणि पडद्यावर एमसीएच ३६०१ हा संदेश आला. त्याचा मथितार्थ असा की, येथे पॉइंटरच नाही. ती हसत म्हणाली, "पाटकऱ्यानं कुदळ काढून घेतली, गुरुजी!"

दुसरी गोष्ट जागेची. इतर यंत्रांत तबकडीवरची साठवण वेगळी आणि चालू कामाची स्मृती वेगळी. प्रोग्रॅम लिहिणाराने एकीतून दुसरीत मालाची ने-आण स्वतः करावयाची. आपण कांदा चाळीतून काढून ओट्यावर आणतो, निवडतो, उरलेला परत चाळीत टाकतो, तसे. या यंत्रात लिहिणाऱ्याला चाळही दिसत नाही आणि ओटाही. एकच प्रचंड पसारा दिसतो, आणि त्यातल्या प्रत्येक वस्तूला एक पत्ता. लागेल ती गोणी यंत्र आपणहून ओट्यावर आणून ठेवते. जुन्या यंत्रात हा पत्ता ४८ खुणांचा होता. गणिताच्या शिक्षकांनी मुलांकडून दोनाचा ४८ वा घात काढून घ्यावा: २८१ लाख कोटींहून थोडा अधिक येतो.

आता जो प्रोग्रॅम 'जात नव्हता' त्याकडे येतो. १९९५ साली कंपनीने या यंत्राचे हृदयच बदलले. खालचे लोखंड निराळे, त्याची भाषा निराळी, पत्ता ४८ ऐवजी ६४ खुणांचा. इतर ठिकाणी असे झाले म्हणजे सारे प्रोग्रॅम पुन्हा लिहावे लागतात किंवा निदान मूळ मजकुरावरून पुन्हा बांधावे लागतात. येथे फरशी जागच्या जागी राहिली. प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात फरशीच्या भाषेतला त्याचा आराखडा जपलेला असे. नव्या यंत्राने तो आराखडा काढला, नव्या लोखंडाच्या भाषेत पुन्हा भाषांतर केले, आणि लोकांचे पंधरा-पंधरा वर्षांचे जुने प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशी चालू लागले. २००८ साली नवी आवृत्ती आली तेव्हाही असेच पुन्हा भाषांतर करावे लागले.

पण एक मेख होती. तबकडीवरची जागा एकेकाळी फार महाग होती. म्हणून प्रोग्रॅममधला हा आराखडा काढून टाकण्याची मुभा दिलेली होती. प्रोग्रॅम चालावयास त्याची गरज नसे, आणि जागा वाचे. शिवाय आपली विद्या दुसऱ्याने आत डोकावून पाहू नये म्हणूनही काही विकणारे तो काढीत. आपल्याकडे अडचणीच्या वर्षी घरात ठेवलेले बियाणे दळून खाण्याची पाळी येते ना, तसेच. भाकरी झाली, पोट भरले, पण पेरणीला हाती काही नाही. आराखडा गेलेला प्रोग्रॅम त्याच यंत्रावर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतो. यंत्र बदलावयाची वेळ आली की मग कळते. त्यावेळी मूळ लिहिलेला मजकूर कपाटात असेल तर पुन्हा बांधता येतो. नसेल तर संपले.

सातपूरच्या कारखान्यात नेमके हेच झाले होते. कोणीतरी, केव्हातरी, जागा वाचवावी म्हणून आराखडा काढला. मूळ मजकूर सापडेना. लिहिणारे गृहस्थ निवृत्त होऊन निघून गेलेले. आणि हा प्रोग्रॅम ठरवीत असे कामगाराने पाळीनंतर जे तास केले त्यांचे पैसे. मला विचाराल तर, एवढी गोष्ट एका माणसाच्या कपाटावर सोडणाऱ्या व्यवस्थेला काय म्हणावे हे मला सुचत नाही; पण आमच्या शाळेच्या जुन्या दाखल्यांची अवस्था आठवली आणि मी गप्प बसलो.

मी तिला म्हटले, "अगं, मग उतरून उपयोग काय झाला? खाली तर काही सापडलं नाही."

ती म्हणाली, "उपयोग हा झाला गुरुजी, की खाली काही सापडणार नाही हे पक्कं कळलं. नाहीतर वर्षभर कुणी ना कुणी हत्यार विकायला येत राहिलं असतं."

मग तिने दुसरी वाट धरली. या यंत्रात जर्नल नावाची सोय असते. वहीतली नोंद बदलली की आधी काय होते आणि नंतर काय झाले, दोन्ही लिहून ठेवले जाते. तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीसारखेच. तिने जुन्या यंत्रावर पगाराच्या वहीला हे जर्नल लावले आणि प्रोग्रॅम चालू दिला. आत काय आहे ते दिसत नव्हते. पण कोणत्या हजेरीवरून कोणती रक्कम निघाली हे ओळीने दिसू लागले. त्यावरून नियम बांधीत तिने प्रोग्रॅम नव्याने लिहिला. लिहिला तोही जुन्या वळणाच्या आरपीजी भाषेत, कारण तेथले बाकीचे प्रोग्रॅम त्याच भाषेत आहेत. ही भाषा मोठी गमतीची. सातबाराच्या छापील नमुन्यासारखे तिचे रकाने ठरलेले. प्रत्येक अक्षर आपापल्या रकान्यातच बसले पाहिजे.

दोन महिन्यांचे पगारपत्रक जुन्या आणि नव्या प्रोग्रॅमने शेजारीशेजारी काढले. बहुतेक जुळले, पण काही काही कामगारांच्या रकमेत पाच रुपये, नऊ रुपये असा फरक येई, आणि नेहमी नवी रक्कमच अधिक. तीन रविवार ती याच्या मागे होती. शेवटी ५३ व्या रकान्यात सापडले. आरपीजीत त्या रकान्यात 'एच' हे अक्षर लिहिले तर उत्तर जवळच्या पूर्ण आकड्याला नेले जाते. न लिहिले तर पुढचा अपूर्णांक सरळ कापला जातो. तिने शिरस्त्याप्रमाणे 'एच' लिहिला होता. ताशी १८१ रुपये ५० पैसे दराने अडीच तासांचे ४५३ रुपये ७५ पैसे होतात. तिचा प्रोग्रॅम ४५४ देई, जुना ४५३. 'एच' खोडला आणि दोन्ही पत्रके रुपयाला रुपया जुळली.

म्हणजे इतकी वर्षे प्रत्येक दिवशी प्रत्येक कामगाराच्या जादा कामातले पैसे कापले जात होते, आणि ते मुद्दाम ठरवून की रकाना भरावयाचा राहिला म्हणून, हे सांगणारा मजकूर आता कोठेच नव्हता. दोन्ही कागद घेऊन ती हिशेबनिसांकडे गेली. त्यांनी बराच वेळ पाहिले, वर विचारून येतो म्हणाले, आणि आठवड्याने नवा प्रोग्रॅम 'एच' ठेवून चालू करण्यास मंजुरी आली. मागच्या वर्षांची रक्कम काढावी असे तिने लिहून दिले आहे. त्यासाठी जुन्या हजेरीच्या फिती लागतील. त्यांतल्या किती वाचता येतात हे पाहण्याचे काम सध्या चालू आहे.